गळा आणि गल्ला

भावनेचा आविष्कार संयत असावा, हे वचन आपल्या शिष्ट समाजात इतक्या वेळा उच्चारले जाते, की त्याचा अर्थ काय हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. आम्हीही ते वचन वर्गात वर्षानुवर्षे उच्चारले आहे, आणि विद्यार्थ्यांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले आहे. त्याचा पुन्हा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर ज्या वाटेने आला, ती वाट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. एका माजी विद्यार्थ्याने आमच्या दिवाणखान्यात अमेरिकेतील 'फुगाझी' नावाच्या बँडच्या एका जलशाचे ध्वनिमुद्रण लावले. तेथे आमचे एक स्नेही बसले होते. हे गृहस्थ संगीताचे मर्मज्ञ आहेत, आणि त्यांच्या कानाविषयी आमच्या मनात आदर आहे. त्यांनी दुसऱ्याच मिनिटास ते बंद करावयास लावले व तेथल्या तेथे निकाल दिला: हा गोंगाट आहे, यात भावना आहे असे म्हणाल तर ती उघडीनागडी आहे, आणि असल्या जलशांस जाणारी मुले बेशिस्त झाली तर त्यात नवल नाही. विद्यार्थी बिचारा ओशाळून गप्प बसला. त्या वेळी आम्हीही गप्प बसलो. त्या मौनाची भरपाई म्हणून हा लेख आहे.

आमचे म्हणणे काय ते आरंभीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचकास अखेरपर्यंत तिष्ठत राहावे लागणार नाही. कलेला संयम हवा, हे आम्हांस मान्य आहे. वाद आहे तो संयमाच्या स्थानाविषयी. आपल्याकडील शिष्टांची समजूत अशी, की संयम गायकाच्या गळ्यावर असावा. गल्ल्यावर तो असला काय आणि नसला काय, त्याची विचारपूस करणे हे रसिकाचे काम नव्हे. ज्या बँडविषयी आम्ही लिहीत आहोत त्याने नेमके उलट केले. त्याने गळा मोकळा सोडला आणि गल्ला बांधून ठेवला. पंधरा वर्षे, हजारांवर जलसे करून, त्याने हा नियम पाळला. या दोहोंपैकी कोणता संयम अधिक कठीण आणि कोणता अधिक मोलाचा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रश्नाला भिडण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील शहरांत 'हार्डकोर' या नावाने एक अतिशय वेगवान, तुटक आणि कर्कश संगीत निघाले. वॉशिंग्टन राजधानीत ते चालविणारी मुले बहुतेक शाळकरी वयाची होती. त्यांच्यापैकी इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी 1980 मध्ये 'डिस्कॉर्ड' नावाची स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था काढली, ती आपल्या 'टीन आयडल्स' या बँडची एक लहानशी तबकडी छापण्यासाठी. या मुलांपुढे पहिली अडचण उभी राहिली ती कलेची नव्हती, दारूची होती. तिकडची बहुतेक संगीतगृहे मद्यविक्रीवर चालतात, आणि अल्पवयीनांस तेथे मज्जाव असतो. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलांनी केलेले संगीत सोळा वर्षांच्या मुलांनाच ऐकता येऊ नये, असा प्रकार. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संगीतगृहात त्यांना तोड सापडली. अल्पवयीन श्रोत्याच्या हातावर काळी फुली मारावयाची, म्हणजे त्याला कोणी मद्य देणार नाही, पण गाणे ऐकण्यास तो मोकळा. ही युक्ती त्यांनी घरी नेली, आणि पुढे त्या फुलीचेच निशाण झाले. मॅकाय याने आपल्या पुढच्या 'मायनर थ्रेट' या बँडसाठी निर्व्यसनीपणावर एक गाणे रचले, आणि त्या गाण्याच्या नावाने, 'स्ट्रेट एज' म्हणून, दारू, तंबाखू व मादक द्रव्ये वर्ज्य करणाऱ्या तरुणांची एक चळवळच उभी राहिली. 'एकच प्याला' पाहून डोळे पुसणाऱ्या समाजास या मुलांविषयी निदान या एका बाबतीत तरी आपुलकी वाटावयास हरकत नाही.

तथापि थोड्याच वर्षांत या जलशांना दुसरे व्यसन जडले, ते हिंसेचे. व्यासपीठासमोर एकमेकांच्या अंगावर आदळण्याचा जो नाच प्रथम हौसेचा होता, त्याचे 1984 पर्यंत मारामारीत रूपांतर झाले. अंगाने दांडगे तेवढे पुढे. मुली आणि लहान मुले भिंतीकडे ढकलली जाऊ लागली. ज्यांनी हे संगीत उभे केले त्यांनाच तेथे जाण्याचा वीट आला. आमचे स्नेही जे दूषण देतात ते दूषण या मुलांनी स्वतःच स्वतःला दिले, आणि 1985 च्या उन्हाळ्यात ठरवून नवा आरंभ केला. तो उन्हाळा तेथील मंडळी 'क्रांतीचा उन्हाळा' म्हणून अजून ओळखतात. त्याच दिवसांत दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर ढोल आणि डबे बडवून वर्णभेदाचा निषेध करणारी मुले हीच.

या नव्या आरंभाचा मानबिंदू म्हणजे 'राइट्स ऑफ स्प्रिंग' हा बँड. 1984 मध्ये तो निघाला आणि 1986 च्या आरंभी मोडला. गाय पिचोटो गात असे व गिटार वाजवीत असे. ब्रेंडन कॅन्टी ड्रम वाजवीत असे. एडी जॅनी आणि माइक फेलोज हे उरलेले दोघे. वेग आणि आवाज त्यांनी हार्डकोरचाच ठेवला, पण विषय बदलला. सत्ताधाऱ्यांस शिव्या देण्याऐवजी हा तरुण स्वतःच्या आठवणी, हातून निसटलेला काळ, तुटलेली मैत्री आणि पश्चात्ताप यांविषयी गाऊ लागला, आणि तेही गळा फाटेपर्यंत. जलसे त्यांनी मोजकेच केले. वाद्ये मोडत, तारा तुटत, अंगावर ओरखडे येत. एका रात्रीत मोडलेले पुन्हा उभे करावयास पैसा नसे. श्रोते रडत असत, असे त्या जलशांस हजर असलेल्यांनी सांगून ठेवले आहे. 1985 मध्ये त्यांची एकुलती एक मोठी तबकडी डिस्कॉर्डने काढली, आणि पुढे समीक्षकांनी या रीतीस भावनेचा हार्डकोर असे नाव दिले. त्याचेच तोडके रूप 'इमो'. हे नाव त्या मंडळींना कधीच रुचले नाही. त्यांचा आक्षेप असा, की आधीच्या संगीतात काय भावना नव्हती? हा आक्षेप आम्हांस बिनतोड वाटतो.

आता आमच्या स्नेह्यांचा मुख्य मुद्दा घेऊ. भावना उघडीनागडी आहे, म्हणून ती कला नव्हे. या विधानापुरते आपण त्यांना त्यांच्याच घरातील साक्षीदार देऊ. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त राम विलाप करतो, पुनःपुन्हा मूर्च्छित पडतो, आणि आमच्या कोणत्याही पंडिताने त्याला असंयमी म्हणून नाटकाबाहेर काढलेले नाही. कीर्तनात कंठ दाटून आलेल्या हरिदासास आम्ही थांबवीत नाही. उलट त्या क्षणासाठीच तेथे बसतो. मग तेच अश्रू वॉशिंग्टनच्या एखाद्या तळघरात ढाळले म्हणजे अशिष्ट कसे होतात? करुणरसापासून आनंद का होतो, या प्रश्नावर मराठी टीकाकारांनी एके काळी बरीच शाई खर्च केली. न. चिं. केळकरांनी त्याला उत्तर म्हणून सविकल्प समाधीची कल्पना मांडली: रसिक आपली स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो, आणि या दुहेरी अवस्थेतच आनंद आहे. या कल्पनेची परीक्षा पाहावयाची असेल तर असा जलसा पाहावा. तेथे गाणाऱ्याचे दुःख ऐकणाऱ्यास ठाऊक नसते. कोणाची मैत्री तुटली, कोणता काळ निसटला, याचा तपशील गाण्यात जवळजवळ नसतोच. ऐकणारा त्या मोकळ्या जागी स्वतःचे दुःख ठेवतो आणि गाणाऱ्याच्या बरोबरीने ओरडतो. साधारणीकरण म्हणतात ते याहून निराळे काय असते?

परंतु आम्ही केवळ वकिली करावयास बसलेलो नाही. राइट्स ऑफ स्प्रिंगच्या रीतीत एक उणीव होती, ती कबूल केली पाहिजे. जो जलसा वाद्ये मोडल्याशिवाय संपत नाही, तो पुढच्या महिन्यात पुन्हा होऊ शकत नाही. भावनेला काही व्यवस्था लागते. ती नसेल तर ज्योत तेलासकट संपते. ही व्यवस्था कशी असावी, याचे उत्तर पुढच्या बँडने दिले, आणि तेच आमच्या लेखाचे खरे प्रयोजन आहे.

3 सप्टेंबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये फुगाझीचा पहिला जलसा झाला. त्या वेळी इयन मॅकाय, जो लॅली आणि ब्रेंडन कॅन्टी असे तिघे होते. लवकरच पिचोटो येऊन मिळाला. म्हणजे चौघांपैकी दोघे राइट्स ऑफ स्प्रिंगचे. बँडचे नाव व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांच्या बोलीतून उचललेले आहे. त्याचा मूळ अर्थ शिष्ट मासिकात छापण्याजोगा नाही. सारा विचका होऊन बसला आहे, असा त्याचा सौम्य आशय समजावा. या चौघांनी आरंभीच काही नियम घातले आणि ते अखेरपर्यंत पाळले. जलशाचे तिकीट शक्यतो पाच डॉलर, आणि तेही दर वाढविण्याची सोय असताना. दार सर्व वयांच्या श्रोत्यांस खुले. व्यवस्थापक नाही, दलाल नाही. जलसे ठरविण्याचे कामही घरचेच. बँडच्या नावाचे सदरे विकावयाचे नाहीत. इतरांनी चोरून छापले तेव्हा त्यांतल्या एकावर, हा फुगाझीचा सदरा नव्हे, असे लिहून विकण्याची वेळ विक्रेत्यावर आली. तबकड्या डिस्कॉर्डनेच काढावयाच्या, आणि दुकानदाराने अवाच्या सवा किंमत लावू नये म्हणून मूळ किंमत वेष्टनावर छापावयाची. 1993 मध्ये अटलांटिक या बलाढ्य ध्वनिमुद्रिका-कंपनीचा संस्थापक अहमेत एर्तेगुन स्वतः न्यू यॉर्कमधील जलशास येऊन भेटला आणि आपल्या कंपनीत येण्याचे निमंत्रण देऊन गेला. त्यांनी ते नाकारले.

हे सारे वाचून एखाद्यास वाटेल, की हा तर हिशेबाचा भाग झाला. याचा कलेशी संबंध काय? संबंध असा, की या नियमांनी जलशातील माणसांचे नाते बदलले. जलशाच्या आरंभी कोणती गाणी म्हणावयाची याची यादी त्यांच्याजवळ नसे. एकाने सूर काढावा, दुसऱ्याने ओळखावा, तिसऱ्याने उचलावा, अशी रीत होती. महिनोन्‌महिने एकत्र तालीम केल्यावाचून हे साधत नाही, हे बैठकीच्या गाण्यास सरावलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. उलट ज्या मोठ्या जलशांत दिव्यांचे झोत आणि धुराचे लोट गाण्याशी आधीच जुळवून ठेवलेले असतात, तेथे गायकाला एक गाणे मागेपुढे करण्याचीही मोकळीक उरत नाही. शिस्त कोणाची म्हणावयाची?

मारामारीचा प्रश्नही त्यांनी असाच सोडविला. जलशात कोणी दांडगाई करू लागला की गाणे थांबे. मॅकाय किंवा पिचोटो व्यासपीठावरून त्या इसमाशी अतिशय सभ्य शब्दांत बोले, त्याला 'सर' म्हणे, आणि इतरांस इजा होते आहे हे दाखवून देई. न ऐकल्यास त्याला बाहेर नेऊन त्याचे पाच डॉलर परत देत. त्यासाठी पैसे भरलेली पाकिटे बरोबर बाळगलेली असत. या बँडवर जेम कोहेन याने केलेला 'इन्स्ट्रुमेंट' हा चित्रपट 1999 मध्ये निघाला. त्यातील एका प्रसंगात पिचोटो अशाच एका दांडग्यास सर्वांसमक्ष आठवण करून देतो, की थोड्या वेळापूर्वी हाच वीर लहान मुलासारखा आइस्क्रीम खात उभा होता. गर्दी हसते आणि वीराचा आवेश उतरतो. आम्ही आजवर अनेक सभासंमेलने पाहिली. गोंधळ झाला म्हणजे अध्यक्षांनी घंटा वाजवावी आणि पोलिसांकडे पाहावे, हाच आमच्याकडील शिरस्ता. श्रोत्याला त्याचे पैसे परत देऊन, त्याच्याशी माणसासारखे बोलून वाट दाखविणारा अध्यक्ष आमच्या पाहण्यात नाही.

याच संदर्भात त्यांचे 'सजेशन' हे गाणे पाहावे. रस्त्याने जाणाऱ्या स्त्रीला पुरुषांच्या नजरांचे व हातांचे जे सोसावे लागते, ते त्यात स्त्रीच्या तोंडून बोलले आहे. आता हे गाणे पुरुषाने म्हणावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. जलशांत ते कित्येकदा एखाद्या मैत्रिणीस व्यासपीठावर बोलावून तिच्याकडून म्हणविले जाई. पण त्या गाण्याचे खरे मर्म आम्हांस असे वाटते, की ते ज्या सभागृहात म्हटले जात होते तेथे स्त्रियांना पुढे उभे राहता यावे यासाठी त्याच रात्री, त्याच व्यासपीठावरून भांडण चाललेले असे. काव्यात स्त्रीची कणव आणि सभागृहात तिला मागची भिंत, असा दुटप्पीपणा तेथे नव्हता. तो आपल्याकडे नाहीच, असे छातीठोकपणे म्हणणारा गृहस्थ आम्हांस भेटावयास हवा आहे.

उरला गोंगाटाचा आरोप. हा आरोप करणाऱ्यांनी त्यांचे 'वेटिंग रूम' हे गाणे पुरते ऐकावे. आमच्या स्नेह्यांनी बंद करविले ते हेच. आरंभी एकट्या बेस गिटारवर लॅली एक साधी, डोलणारी सुरावट धरतो. मग ड्रम येतात, गिटार येते, सारा संच रंगात येतो न येतो तोच सर्व वाद्ये एका क्षणी थांबतात. कित्येक सेकंद नुसती शांतता. नंतर सर्वजण जणू एकाच हाताने तीच सुरावट पुन्हा उचलतात. समेवर येण्याचा आनंद ज्याला कळतो, त्याला या रिकाम्या जागेचे मोल कळावयास अडचण पडू नये. जलशांत या विरामाच्या वेळी सारे सभागृह श्वास रोखून उभे राही, आणि पुढच्याच ठोक्याला एकदम उसळे. हार्डकोरच्या पुढचे म्हणून ज्याला 'पोस्ट-हार्डकोर' म्हणतात, ते हेच: तोच आवेश, पण त्यात विराम, लयीचे पोट आणि ऐकणाऱ्यास वाट पाहावयास लावण्याचे धैर्य आलेले. कर्कशपणा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण कर्कश आणि अव्यवस्थित हे दोन शब्द समानार्थी नाहीत, एवढे तरी मर्मज्ञांनी जाणावे.

आता प्रतिपक्षाचे जे दोनतीन आक्षेप खरोखर विचारार्ह आहेत, त्यांस उत्तर देणे अवश्य आहे. पहिला असा, की ही मंडळी उपदेशक होती. गाण्यास जावे तो प्रवचन ऐकावे लागे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. त्यांच्या साधेपणाविषयी अमेरिकेत नाना दंतकथा पसरल्या होत्या; थंडीत घर न तापविता भात खाऊन राहणारे बैरागी, असे त्यांचे चित्र रंगविले जाई. परंतु उपदेशकाची कसोटी एकच आहे: तो जे सांगतो त्याची किंमत तो स्वतः मोजतो काय? वॉशिंग्टनमधील आपले जलसे त्यांनी बहुधा फुकट, किंवा एखाद्या लोकोपयोगी कार्याच्या मदतीसाठीच केले. 1990 मध्ये लॉर्टनच्या कारागृहात बंदिवानांपुढे ते गायले. 12 जानेवारी 1991 रोजी, आखाती युद्ध सुरू होण्यास पुरता आठवडाही उरला नव्हता, तेव्हा अध्यक्षांच्या निवासस्थानासमोरील लाफायेट बागेत, भर हिवाळ्यात, त्यांनी युद्धाच्या विरोधात उघड्यावर जलसा केला. युद्ध थांबले नाही, हे खरे. पण बोलणे आणि करणे यांतील अंतर ज्याने इतके कमी ठेवले, त्याच्या बोलण्याचा कंटाळा येणे हा ऐकणाराचाच दोष मानावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाच डॉलरचे तिकीट ठेवणे त्यांना परवडले. ज्याला वाद्यावर कुटुंब पोसावयाचे आहे त्या कलावंताने हे व्रत का घ्यावे? आमचे उत्तर असे. अल्पशा तिकिटावर त्यांचा संसार चालला तो श्रोते पुष्कळ आले म्हणून, आणि मधल्या माणसांची साखळी त्यांनी तोडली म्हणून. हजार श्रोत्यांचे पाच पाच डॉलर म्हणजे पाच हजार होतात. ते कोणाकोणात वाटले जातात, हाच खरा प्रश्न आहे. व्यवस्थापक, दलाल, जाहिरातदार आणि दिव्यांचा कंत्राटदार यांचे हिस्से आधी काढून घेतले, म्हणजे कलावंताच्या हाती पाच हजार येवोत की पन्नास हजार, तो गरीबच राहतो. आणि त्याच्या गरिबीचे कारण सांगून तिकिटाची किंमत मात्र चढत जाते. प्रत्येकाने त्यांचे अनुकरण करावे, असा आमचा हट्ट नाही. प्रत्येक बँडला हजार श्रोते मिळत नाहीत, हेही आम्ही जाणतो. परंतु दुसरी वाटच नव्हती, ही सबब मात्र या चौघांनी कायमची निकालात काढली.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे. शेवटी काय झाले? 4 नोव्हेंबर 2002 रोजी लंडनच्या फोरम सभागृहात त्यांनी अखेरचा जलसा केला आणि पुढे अनिश्चित काळासाठी विराम घेतला. तो विराम सुटलेला नाही. आणि बाजारात गाजले ते 'इमो' हे नाव. शतक पालटल्यावर मोठ्या कंपन्यांनी त्याच नावाखाली डोळ्यांत काजळ घातलेल्या तरुणांचे दुःख घाऊक दराने विकले. मग संयम हरला आणि बाजार जिंकला, असेच नव्हे काय? त्या तरुणांच्या दुःखाची थट्टा करण्याचा आमचा मानस नाही. ते ऐकून एकाकी मुलास धीर आला असेल, तर तो धीर खराच मानला पाहिजे. पण त्या दोन प्रकारच्या जलशांतील भेद पाहावा. दोहोंकडे गायक ओरडतो, दोहोंकडे श्रोता रडतो. एकीकडे रडून झालेल्या श्रोत्यास दाराशी सदरा, टोपी आणि भिंतीवर लावावयाचे चित्र विकले जाते. दुसरीकडे त्याला रस्त्यावर सोडून देतात, आणि जे काही मनात उसळले ते घेऊन तो आपल्या पायांनी घरी जातो. भावनेच्या आविष्कारात संयम कोठे असावा, या प्रश्नाचे आमचे उत्तर या दाराशी आहे.

शिवाय ते सर्वथा नाहीसेही झाले नाहीत. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत, युरोपात, जपानात, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेत मिळून त्यांनी हजारांवर जलसे केले. त्यांपैकी आठशेंहून अधिकांची ध्वनिमुद्रणे त्यांनी जपून ठेवली, आणि 2011 पासून ती सर्वांस उपलब्ध करून देण्यास आरंभ केला. एका जलशाची सुचविलेली किंमत पुन्हा पाचच डॉलर. बिघडलेली वाद्ये, चुकलेली कडवी, मध्येच थांबवून केलेली समजूत, सारे त्यात जसेच्या तसे आहे. आपली उत्तम तेवढी गाणी निवडून पुढे ठेवण्याचा मोह प्रत्येक कलावंतास होतो. यांनी आपल्या वाईट रात्रीही लोकांपुढे ठेवल्या. आमच्या विद्यार्थ्याने आणलेले मुद्रण याच संग्रहातील होते.

आता अखेरचा शब्द आमच्या स्वतःच्या वर्गासंबंधी. आम्ही सुशिक्षित मंडळी संयमाचा उपदेश करतो तो कोठे बसून करतो, हे जरा पाहावे. आपल्या शहरांतील मोठ्या संगीतमहोत्सवांत व्यासपीठामागच्या पडद्यावर गायकाच्या नावाहून देणगीदारांची नावे ठळक असतात. पुढच्या कोचांवर ज्यांना राग ओळखता येत नाही असे सन्माननीय पाहुणे बसतात, आणि ज्याला ओळखता येतो तो विद्यार्थी स्वस्त तिकीट काढून मागे सतरंजीवर, किंवा त्याहूनही मागे, मंडपाच्या खांबाशी उभा असतो. मैफल रंगात आली असता ती थांबवून पुष्पगुच्छ दिले जातात. यातील कोणत्याही गोष्टीला आम्ही असंयम म्हणत नाही. गायकाने मात्र एखादी तान जरा जोराने घेतली की आमच्या कपाळास आठी पडते. आम्हांला भावनेची भीती वाटते की काय, अशी आम्हांस शंका येते. कारण भावना मोकळी झाली म्हणजे ती शेजारच्या माणसाकडे पाहावयास लावते, आणि शेजारचा माणूस कोठे बसला आहे हे पाहणे आपणांस सोयीचे नसते.

आमच्या स्नेह्यांशी आमचे नाते या लेखाने तुटणार नाही, अशी आशा आहे. त्यांना ते संगीत आवडावे, असा आमचा आग्रहही नाही. आवड ही ज्याची त्याची. आमची विनंती दुसरी आहे, आणि ती ज्यांच्या घरात तरुण मुले आहेत अशा सर्व वाचकांस आहे. मुलगा किंवा मुलगी असले काही ऐकत बसली असेल, तर आवाज कमी करावयास खुशाल सांगावे. शेजारधर्म आम्हांसही मान्य आहे. पण त्यापूर्वी त्यांच्याजवळ पाच मिनिटे बसून तीन प्रश्न विचारावेत: हे कोण गाते, हे ऐकावयास किती पैसे पडतात, आणि तेथे गर्दीत तुझ्यासारख्याला उभे राहावयास जागा असते काय? उत्तरे ऐकल्यावर संयम कोणी कोणास शिकवावयाचा, याचा पुनर्विचार कदाचित करावा लागेल. आमच्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी ही विचारपूस झाली नाही. त्या विद्यार्थ्यास आम्ही पुन्हा बोलाविले आहे, आणि या वेळी ते मुद्रण अखेरपर्यंत वाजेल.